कुंपण कशाचे घालावे?

संसारातील काही वस्तू अशा असतात की, त्या उभ्या असेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. आणि आडव्या झाल्या म्हणजे घरातील लहानथोर सर्वांस त्यांविषयी काही ना काही मत असल्याचे आढळून येते. परसबागेचे कुंपण ही त्यांपैकीच एक वस्तू. गेल्या श्रावणात एका रात्री वाऱ्यापावसाने थैमान घातले, व सकाळी पाहतो तो आमच्या बागेच्या पश्चिमेकडील तीन खांब पट्ट्यांसह जास्वंदीवर कलंडून पडलेले! शेजारच्या दोन शेळ्यांना ही वार्ता आमच्या आधीच कळली होती. घरची मंडळी उठेपर्यंत त्यांनी पेरूच्या नव्या रोपांचा समाचार घेऊन तुळशीकडे मोर्चा वळविला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात जो वाद सुरू झाला, त्याचे सार वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण ज्याच्या घराला अंगण आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या यावयाचाच.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव. येथे श्रीजगदंबेचे देऊळ आहे व संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाज ह्या स्थानास आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या प्रांतांतून लोटणारा जनसमुदाय ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ह्या उपमेचा अर्थ निराळा सांगावयास नको. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून रस्त्याची वर्दळ आणखी वाढली आहे. शाळामास्तरकीच्या निमित्ताने आमचे कुटुंब ह्या बाजूस आले व येथेच रमले. जमीन काळी, उन्हाळा कडक, वाळवी मुबलक आणि शेजार उत्तम, असे आमच्या वास्तूचे थोडक्यात वर्णन करता येईल.

पडलेले कुंपण आमच्या वडील बंधूंनी, म्हणजे दादांनी, पंचवीस वर्षांपूर्वी सुताराजवळ स्वतः उभे राहून करवून घेतले होते. पट्ट्या सागवानी, खांबही सागवानी. दादांना जाऊन आता सहा वर्षे झाली. साहजिकच ते कुंपण पुन्हा होते तसेच उभे करावे, त्यात काडीचाही बदल करू नये, असे आमच्या मनाने घेतले. आम्ही खांब उपटून पाहिले. जमिनीवरचा भाग ठणठणीत होता. जमिनीखाली वीतभर खोलीवर मात्र लाकडाचा निव्वळ भुगा झालेला. लाकूड कुजते ते सहसा ह्याच ठिकाणी. कारण ओल आणि हवा ह्या दोहोंची गाठ तेथे पडते, आणि कुजविणाऱ्या बुरशीला दोन्ही लागतात. शिवाय सागाचे गाभ्याचे लाकूड वाळवी सहसा खात नाही, परंतु सालीलगतचे पांढरे लाकूड ती आवडीने खाते. आणि आमच्या तिन्ही खांबांना एका अंगाने हे पांढरे लाकूड होते. दादांना हे ठाऊक असावे. कारण दर दोन वर्षांनी मृगापूर्वी ते खांबांच्या बुंध्याची माती उकरून तेथे डांबराचा हात देत असत. त्यांच्या पश्चात आम्ही त्यांच्या तसबिरीला दर गुरुवारी हार घातला. खांबांना डांबर मात्र एकदाही लावले नाही. तेव्हा हा दोष लाकडाचा नव्हे, आमचा, हे येथे स्पष्ट कबूल केले पाहिजे.

गणपतीला दादांचे चिरंजीव पुण्याहून आले. ते तेथे इंजिनियर आहेत. त्यांनी पिशवीतून हातभर लांबीची एक तपकिरी पट्टी काढून आमच्यापुढे ठेविली. दिसावयास हुबेहूब लाकूड; रेषा लाकडाच्या, रंग लाकडाचा; वास मात्र लाकडाचा नाही. “काका,” ते म्हणाले, “हे कॉम्पोझिट. रंग नको, तेल नको, वाळवीची धास्ती नको. साडेसहा फूट उंच, बिनफटीचे कुंपण चारी बाजूंनी घालू. एकदा घातले की पुन्हा त्याच्याकडे पाहायला नको.”

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात खुपले. परंतु जी वस्तू आपल्याला ठाऊक नाही तिची चेष्टा करणे हे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून आम्ही त्या पट्टीची रीतसर चौकशी केली, ती अशी.

लाकडाचा बारीक भुसा आणि प्लास्टिक हे बहुधा निम्म्यानिम्म्याच्या आसपास एकत्र करून, त्यांत रंग, सांधणारी द्रव्ये व उन्हापासून बचाव करणारी द्रव्ये मिसळतात. आणि ते मिश्रण तापवून, शेवगाठी पाडतात त्याप्रमाणे साच्यातून लांब पट्टीच्या रूपाने बाहेर दाबून काढतात. भुशाऐवजी कोठे भाताचे तूसही वापरतात. उष्णता फार वाढविता येत नाही, कारण दोनशे अंशांच्या पुढे लाकूड करपू लागते. म्हणून त्याखाली वितळणारी प्लास्टिकेच ह्या कामी घेतात. लाकडाचा प्रत्येक कण प्लास्टिकने वेढला गेल्यामुळे वाळवीला व ओलीला तो सहजासहजी सापडत नाही. मुलांच्या हातांत कुसळे शिरत नाहीत. पट्ट्या सर्व सारख्या येतात. टाकाऊ प्लास्टिकचा उपयोग केला असल्यास तेवढा कचराही मार्गी लागतो. आणि एक झाड वाचते, हा लाभ काही लहान नव्हे. सागवान तयार व्हावयास पिढी दोन पिढ्या लागतात. ते बागेच्या कडेला पावसात भिजत उभे करावे की घराच्या दारखिडक्यांसाठी राखावे, हा विचार करण्यासारखा आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या विदर्भात वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांस टेकतो, आणि गडद रंगाची पट्टी उन्हात त्याहूनही पुष्कळ तापते. पहाट व दुपार ह्यांत पट्टीच्या अंगी तीसचाळीस अंशांचे अंतर पडले, तर सहा फुटांची पट्टी दोनतीन मिलिमीटर लांबते. टोकाशी तेवढी मोकळीक ठेविली नाही, तर ती धनुष्यासारखी वाकते. तापली म्हणजे ती नरमही पडते. म्हणून तिला लाकडापेक्षा जवळजवळ आधार द्यावे लागतात, आणि त्यामुळे खांबांची संख्या वाढते. पट्टी पोकळ असेल तर टोकांना टोपणे हवीत. नाही तर आत पाणी साचते व गांधीलमाश्या घर करतात. पहिल्या एकदोन वर्षांत रंग थोडा उतरतो, आणि पुढे पट्टी मोडली तर तिला जुळणारा रंग मिळत नाही. गावच्या सुताराचा रंधा तिच्यावर चालत नाही. ती बदलावयाची तर शहरातून आणावयाची.

शेवटी तिचे करावयाचे काय, हाही प्रश्न आहेच. जुने लाकूड चुलीत जाते, निदान होळीत तरी जाते. ही पट्टी होळीत घालता कामा नये. तिच्यात पीव्हीसी असेल तर जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो; दुसरे प्लास्टिक असले तरी उघड्यावर जाळणे वाईटच. भुसा आणि प्लास्टिक पुन्हा निरनिराळे करता येत नाहीत. लाकडाचा अंत निसर्गाने ठरविला आहे. ह्या पट्टीचा अंत आपणांस ठरवावा लागतो.

चिरंजीवांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “काका, पण पडले ते लाकडाचेच ना?” ह्यावर आम्हांस उत्तर नव्हते. तथापि पडलेले काय, हे नीट पाहिले असता दोघांच्याही ध्यानात आले की, पट्टी पडली नव्हती, खांब पडला होता. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती दरवर्षी खांबाला हलविते. मग त्यावर पट्टी सागाची असो, कॉम्पोझिटची असो की सोन्याची असो! म्हणून खांबाच्या उंचीचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत जाईल असा खड्डा घ्यावा, त्यातील काळी माती काढून टाकावी, मुरूम व खडी ठासून भरावी, आणि खांब दगडाचा, सिमेंटचा अथवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असावा. लाकडी खांबच हवा असेल, तर तो मातीला टेकू न देता लोखंडी पट्ट्यांच्या आधाराने सिमेंटच्या बैठकीवर उभा करावा. तसेच बिनफटीचे उंच कुंपण म्हणजे जहाजाचे शीडच होय; वाऱ्याचा सगळा रेटा त्याने खांबावर येतो. पट्ट्यांत बोटबोट अंतर ठेविले म्हणजे वारा चाळला जातो व खांब वाचतो. कुंपणाचा प्राण पट्टीत नाही, खांबात आहे, एवढे तरी ह्या वादातून निष्पन्न झाले.

हा वाद चालू असता शेजारचे नाईक आले. त्यांना गावात सर्वजण नाईकच म्हणतात. ते ओशाळलेले होते. शेळ्यांनी खाल्लेल्या रोपांचे पैसे द्यावयास ते आले होते. आम्हांस मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवला. तेथे कुंपणाला ‘वृति’ म्हटले आहे. वृति एवढी उंच असावी की उंटाला पलीकडचे दिसू नये, आणि तीत कुत्र्याचे अथवा डुकराचे तोंड शिरेल असे एकही भोक राहू देऊ नये. त्याच्या लगेच आधी असे सांगितले आहे की, गायरानालगतच्या बिनकुंपणाच्या शेतातील धान्य गुरांनी खाल्ले, तर राजाने गुराख्यास दंड करू नये. आम्ही नाईकांना म्हटले, “नाईक, शास्त्र तुमच्या बाजूचे आहे. कुंपण नीट राखणे हे आमचे काम होते.” ते हसले. मग चिरंजीवांनी कागदावर काढलेला आराखडा पाहून त्यांनी विचारले, “गुरुजी, हे कुंपण हाय का भिंत?”

आणि मग, कुंपणाचा विषय निघालाच होता म्हणून, त्यांनी आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. बंजाऱ्यांचे तांडे पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत असत. ह्या व्यापाराला ते लदणी म्हणतात. लमाण हे नावही लवणावरून पडले असे पुष्कळजण मानतात. “आमचे म्हातारे सांगत, मिठाच्या वाटेवर इंग्रजानं काट्याचं कुंपण घातलं होतं,” असे ते म्हणाले. चिरंजीवांना ही दंतकथा वाटली. परंतु ती दंतकथा नव्हे. मिठावरील कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रज सरकारने सिंधू नदीच्या काठापासून थेट आपल्या विदर्भाच्या सीमेजवळील बऱ्हाणपुरापर्यंत खरोखरच कुंपण घातले होते. त्याची लांबी सुमारे दीड हजार मैल होती. प्रथम ते वाळलेल्या काटेरी फांद्यांचे असे; परंतु त्याला वाळवी खाई, वणवा जाळी आणि वादळ उडवून नेई. म्हणून जकात खात्याचे आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांचे नाव पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेशी जोडले गेले, त्यांनी १८६७ नंतर तेथे जिवंत कुंपण वाढविण्यावर भर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग व थोर ह्यांची ती दाट हिरवी भिंत माणसालाही ओलांडता येत नसे. १८७९ साली ती जकातीची रेषाच रद्द झाली, आणि एवढे प्रचंड कुंपण हळूहळू मातीला मिळाले.

ह्या हकीकतीतून आम्हांस दोन धडे मिळाले. मेलेल्या कुंपणापेक्षा जिवंत कुंपण टिकाऊ, हा पहिला. दुसरा त्याहून मोठा. ते कुंपण कारागिरीच्या दृष्टीने कितीही उत्तम असले, तरी गरिबाच्या भाकरीवरचे मीठ अडविण्यासाठी ते घातले होते. कुंपण कशाचे, हा नंतरचा प्रश्न. ते कशासाठी आणि कोणाला अडविण्यासाठी, हा आधीचा. आम्ही काकापुतणे आठवडाभर नंतरच्या प्रश्नावर भांडत होतो.

आधीचा प्रश्न वहिनींनी सोडविला. त्या इतका वेळ माजघराच्या उंबऱ्याशी वाती वळीत बसल्या होत्या. दादांचे कुंपण जसेच्या तसे उभे करावे असा आमचा आग्रह त्यांच्याच समाधानासाठी आहे, अशी आमची समजूत होती. त्या म्हणाल्या, “भावोजी, ह्यांनी कुंपण घातले ते शेळ्यांसाठी. याडींसाठी नव्हे. पश्चिमेला ह्यांनी ते लहान फाटक का ठेवले होते, ते आठवते ना?”

याडी म्हणजे नाईकांच्या मातोश्री. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. सारी आळी त्यांना त्याच नावाने हाक मारते. रोज दुपारी त्या फाटकातून येऊन वहिनींजवळ घटकाभर बसतात. दादा गेले ती रात्र आम्हांस आठवली. दोनचा सुमार होता. आम्ही डॉक्टरांना आणावयास गेलो होतो. चिरंजीव पुण्यास होते. आम्ही परत आलो, तेव्हा सर्व संपले होते. आणि याडी अनवाणी, त्या फाटकातून अंधारात आलेल्या, वहिनींचे मस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोरच्या रस्त्याने वळसा घालून त्यांना यावे लागले असते, तर त्या वयात त्या रात्री त्या आल्या असत्या की नाही, कोण जाणे. चिरंजीवांना ही गोष्ट आजवर कोणीच सांगितली नव्हती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि आराखड्यावरील पश्चिमेची रेघ खोडून टाकली.

त्यानंतर निर्णय व्हावयास अर्धा तासही लागला नाही. बागेला चार बाजू असतात आणि चारींचे काम एकच नसते, एवढे ध्यानात आले की पुढचे सोपे होते. पूर्वेला रस्ता आहे. तेथे धूळ उडते, यात्रेची गर्दी असते, पावसाचे पाणी तुंबते. आणि तेथील लाकूड आम्ही पूर्वी दोनदा बदलले होते. त्या तीस फुटांत चिरंजीवांचे कॉम्पोझिट घातले. मात्र चारच फूट उंच, फिकट रंगाचे, पट्ट्यांत बोटभर फट ठेवून, लोखंडी खांबांवर. उत्तरेला घराची भिंतच आहे. दक्षिणेला शेत आहे व रानडुकरांचा उपद्रव आहे. तेथे मनूचा नियम पाळून तळाशी दगडांचा कमरेइतका बांध घातला, की भोक राहू नये. आणि त्यामागे करवंदी लावल्या. पश्चिमेला अडुळसा आणि निर्गुडी ह्यांची दुहेरी ओळ, दीड दीड फुटावर, एका ओळीतील रोप दुसरीतील मोकळ्या जागेसमोर येईल अशी लावली. ह्या दोन्ही झाडांना शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, आणि दोन्ही घरच्या औषधाच्या उपयोगी आहेत. दाट व्हावयास त्यांना दोनतीन पावसाळे लागतील. तोवर बुरुडाकडून आणलेली बांबूची ताटी मध्ये उभी केली आहे. आणि ताटीच्या मधोमध दादांच्या सागवानी पट्ट्यांतील ज्या चांगल्या निघाल्या, त्यांचे फाटक.

जिवंत कुंपण लावू इच्छिणाऱ्या वाचकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. झाडाचा शेंडा पहिल्या वर्षापासूनच खुडीत जावे, म्हणजे ते तळापासून भरते. उंचीचा लोभ धरला तर खाली शेळी जाण्याएवढी वाट राहते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. घरात लहान मुले असतील तर मोगली एरंड, कण्हेर आणि शेर कुंपणाला लावू नयेत. पहिल्याच्या बिया विषारी, दुसरीचा प्रत्येक भाग विषारी, आणि तिसऱ्याचा चीक डोळ्यांस अतिशय बाधक आहे. ज्यांना जागेच्या अभावी पट्ट्यांचेच कुंपण हवे, त्यांनी दुकानदारास पट्टीचा भाव विचारण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्या: प्लास्टिक कोणते, पट्टी भरीव की पोकळ, दोन आधारांत अंतर किती, आणि पाच वर्षांनी एक पट्टी मोडली तर तशीच दुसरी मिळेल काय. आणि हिशेब करावयाचा तो पहिल्या दिवसाचा करू नये, पंधरा वर्षांचा करावा. त्यात रंग, डांबर, मजुरी व मोडतोड सर्व धरावी. कित्येक ठिकाणी ह्या हिशेबात नवी वस्तू जिंकेल, कित्येक ठिकाणी जुनी. आमच्याकडे दोघींनाही आपापली जागा मिळाली.

चिरंजीवांच्या “पुन्हा पाहायला नको” ह्या वाक्याविषयी मात्र आमचे मत बदललेले नाही. ज्या वस्तूकडे पाहावे लागत नाही, तिच्या पलीकडे राहणाऱ्याकडेही आपण हळूहळू पाहीनासे होतो. दादा दर दोन वर्षांनी डांबराचा डबा घेऊन खांबाखांबाशी बसत, तेव्हा पलीकडून नाईक येऊन बसत आणि दोघांच्या गोष्टी चालत. त्या कामात डांबर किती आणि गोष्टी किती, हे आता सांगता येणार नाही.

दिवाळीत चिरंजीव पुन्हा आले होते. फाटक उघडताना फार कुरकुरते, अशी याडींची तक्रार होती. त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातले, आणि मग कोणी न सांगता फाटकाच्या दोन्ही खांबांची माती उकरून बुंध्याला डांबर लावले. खांब आता सिमेंटच्या बैठकीवर आहेत, त्यांस डांबराची तशी आवश्यकता नाही, हे इंजिनियर असल्यामुळे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. आम्हीही त्यांना ते सांगितले नाही.